वाचकांचे प्रश्न: पॅनेलचा बंगला, पश्चिमेची काच आणि विजेचं बिल

या वेळी टपालात आणि मेलमध्ये मिळून प्रीफॅब घरांचे, म्हणजे भाग कारखान्यात तयार करून प्लॉटवर नुसते जोडायच्या घरांचे, इतके प्रश्न आलेत की बाकी सगळे विषय पुढच्या अंकावर ढकललेत. गंमत म्हणजे जवळजवळ प्रत्येक पत्रात तेच वाक्य आहे, "कंपनीवाले म्हणतात एसीची गरजच पडणार नाही". तर चला, निवडक पत्रं घेऊ.

नाशिकहून एक वाचक विचारतात: आम्ही दोघं निवृत्त आहोत, गंगापूर धरणाच्या बाजूला प्लॉट आहे, साधारण २५०० स्क्वेअर फुटांचा छान बंगला बांधायचाय. एका कंपनीने पफ पॅनेलचं प्रीफॅब घर ४५ दिवसांत उभं करून देतो म्हणून सांगितलं. हॉलला पश्चिमेकडे धरणाचा व्ह्यू आहे म्हणून तिकडची पूर्ण भिंत काचेची करायचं ठरतंय. आमचा मुलगा म्हणतो पत्र्याचं घर तापेल, कंपनी म्हणते उलट थंड राहील. खरं कोण?

दोघंही थोडे थोडे खरे आहेत. आधी पॅनेलचं बघू. पफ पॅनेल म्हणजे दोन पातळ पत्र्यांच्या मधे फोम, आणि तो फोम उष्णता अडवण्यात खरंच एक नंबर आहे. ५० मिमीचं पॅनेल घेतलं तर त्याची यू व्हॅल्यू, म्हणजे किती उष्णता आरपार जाऊ देतं त्याचा आकडा, साधारण ०.४ ते ०.४५ येतो. आपली नेहमीची नऊ इंची विटांची भिंत दोन्ही बाजूंनी गिलावा करून दोनच्या वर जाते, आणि वर काहीच न टाकलेला आरसीसी स्लॅब तीनच्याही वर. म्हणजे कंपनीवाला थापा मारत नाहीये.

पण मुलाच्या म्हणण्यातही तथ्य आहे, कारण पॅनेलच्या घराला वजन नसतं. दगडाच्या वाड्यात दुपारी गेल्यावर गार वाटतं ते भिंत उष्णता अडवते म्हणून नाही, ती जाड भिंत दिवसभर उष्णता पोटात घेत राहते म्हणून, आणि रात्री नाशिकची हवा गार झाली की ती सोडून देते. पॅनेलचं घर हे थर्मासासारखं आहे, आत जे भराल ते टिकवून ठेवतं. एसीची गार हवा भरा, छान टिकेल. पण आत ऊन शिरू दिलंत तर तेही तितक्याच निष्ठेने टिकवेल!

आणि तुम्ही ऊन शिरू देताय, पश्चिमेच्या त्या भिंतीतून. जरा हिशोब करू. समजा काच २०० स्क्वेअर फूट, म्हणजे साधारण साडेअठरा चौरस मीटर. मे महिन्यात संध्याकाळी चार-साडेचारला पश्चिमेच्या उभ्या भिंतीवर दर चौरस मीटरला जवळपास ६०० वॅट ऊन पडतं, साधी काच त्यातलं ८० टक्के आत सोडते, म्हणजे घरात नऊ किलोवॅटची शेगडी पेटली असं समजा. दीड टनाचा एसी साधारण सव्वापाच किलोवॅट उष्णता बाहेर काढतो. म्हणजे फक्त व्ह्यूसाठी पावणेदोन एसी, माणसं, टीव्ही, किचन वगैरे वेगळं. सोलर कंट्रोल काच घेतलीत, जिचा एसएचजीसी, म्हणजे उन्हातली किती उष्णता काच आत सोडते तो आकडा, ०.३ च्या आसपास असतो, तर हेच सव्वातीन किलोवॅटवर येतं. डबल ग्लेझिंग म्हणजे आपोआप थंड असं नाही हं, साधी काच दोनदा लावली तर ऊन बऱ्यापैकी येतच राहतं. कोटेशनमध्ये एसएचजीसीचा आकडा लिहून मागा, नुसतं "इंपोर्टेड ग्लास" लिहिलेलं असेल तर सही करू नका.

सगळ्यात स्वस्त उपाय मात्र काचेच्या बाहेर आहे. पश्चिमेला आठ-दहा फुटांची पडवी काढा आणि तिच्या कडेला उभ्या सरकत्या झडपा किंवा बांबूचे पडदे लावा, कारण पश्चिमेचं ऊन तिरकं येतं, नुसता छज्जा त्याला काही करू शकत नाही. पडदे आतून लावले तर उष्णता आधीच घरात आलेली असते, मग काय उपयोग. व्ह्यू जाईल म्हणाल तर दुपारी तीन ते साडेसहा धरणाकडे तसंही डोळे चोळतच बघावं लागतं.

अजून एक. दक्षिणेचं ऊन वाईट, उत्तरेचं चांगलं वगैरे आपण पुस्तकातून घेतलेलं असतं, पण नाशिकचा अक्षांश २० अंश आहे. २० मेच्या आसपास तुमच्याकडे शून्य सावली दिवस असतो, आणि त्यानंतर जुलैच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापर्यंत दुपारचा सूर्य चक्क उत्तरेला असतो. थोडक्यात उन्हाळ्यात दक्षिण भिंतीला दोन फुटांचा छज्जा पुरतो, हिवाळ्यात तिकडूनच छान कोवळं ऊन आत येतं, आणि उन्हाळ्याचा सगळा मारा छपरावर असतो. म्हणून भिंतीला ५० मिमी ठीक आहे, छपराला ८० किंवा १०० मिमी मागा, आणि शक्य असेल तर जमिनीची लादी आणि आतली एखादी भिंत दगडाची किंवा विटांची ठेवा म्हणजे घराला थोडं वजन येईल.

४५ दिवसांबद्दल. ते पॅनेल साइटवर उतरल्यापासूनचे असतात. त्याआधी प्लिंथ, अँकर बोल्ट, ड्रॉइंग फायनल करणं, फॅक्टरीची रांग, हे सगळं वेगळं. आणि ड्रॉइंगवर एकदा सही झाली की विषय संपला, आपल्याकडे स्लॅब पडल्यावर सुद्धा "मिस्त्री, इथे एक खिडकी वाढवा ना" म्हणायची सवय असते, ती इथे चालत नाही. प्लग पॉइंट कुठे, गीझर कुठे टांगणार, टीव्ही कुठल्या भिंतीवर, सगळं आधी. आणि तुमच्या पत्रात शेवटी हॉलमध्ये झोपाळा हवाय असं लिहिलंय ते कंपनीला आजच सांगा, कारण पॅनेलच्या छताला झोपाळा टांगता येत नाही, त्याच्यासाठी स्वतंत्र स्टीलची तुळई मुळातच डिझाइनमध्ये घ्यावी लागते. नातवंडं चार जण एकदम बसून झोके घेतात तेव्हा नुसतं वजन नाही, हिसकेही बसतात.

जर्मनीत श्टुटगार्टजवळ राहणारे एक वाचक लिहितात: इथे शेजारीच एक लाकूड-काचेचं प्रीफॅब घर दोन-तीन दिवसांत उभं राहिलेलं बघितलं, क्वालिटी बघून थक्क झालो. पानशेतला आईवडिलांचा प्लॉट आहे. इथल्याच कंपनीकडून पॅसिव्ह हाउस दर्जाचं, म्हणजे जवळजवळ हीटिंगशिवाय उबदार राहणारं हवाबंद घर कंटेनरने पाठवून तिथे उभं केलं तर?

थक्क होण्यासारखंच काम आहे ते, वाद नाही. हुफ हाउससारखी कंपनी १९१२ साली सुतारकामाच्या कारखान्यातून सुरू झाली, एवढ्या वर्षांची सुतारकी त्यांच्या जोडणीत दिसते. आणि पॅसिव्ह हाउसचं म्हणाल तर डार्मश्टाट शहराच्या क्रानिश्टाइन भागात वोल्फगांग फाइस्ट यांनी १९९०-९१ मध्ये पहिली चार जोडघरं उभी केली, त्यातून पुढे दोन आकडे जगभर गेले, वर्षाला चौरस मीटरमागे फार तर १५ युनिट हीटिंग, आणि ५० पास्कल दाबाला तासाला घरातल्या हवेच्या फार तर ०.६ पट हवा फटींतून गळायला हवी.

आता पानशेतला यातलं काय लागू पडतं? हीटिंगचा प्रश्नच नाही, जानेवारीत एक रजई पुरते. पण खरी भानगड वेगळी आहे आणि ती कोणी सेल्समन सांगत नाही. थंड देशातल्या भिंतीत वाफ अडवणारा पडदा आतल्या बाजूला असतो, कारण तिथे घरातली उबदार दमट हवा भिंतीत शिरून बाहेरच्या थंडीने तिचं पाणी होऊ नये. पानशेतला हे बरोबर उलटं होतं. जुलैमध्ये बाहेर दमटपणा नव्वद टक्क्यांच्या वर, आत तुम्ही एसी लावून बेडरूम २३ अंशांवर आणलेली, म्हणजे ओली हवा बाहेरून आत यायला बघते आणि त्या आतल्या प्लास्टिकच्या मागे अडकून बसते. भिंत बाहेरून सुंदर, आतून बोर्डाच्या पाठीला काळी बुरशी, आणि पहिल्यांदा कळतं ते वासाने. त्यामुळे तीच भिंत पाठवायची असेल तर थरांचा क्रम आपल्या हवेसाठी नव्याने डिझाइन करून घ्या, पडदा बाहेरच्या बाजूला, आतली बाजू श्वास घेणारी. कंपनीने "आमचं स्टँडर्ड वॉल सेक्शन आहे, बदलत नाही" म्हटलं तर तिथेच थांबा.

लाकडाचं दुसरं संकट वाळवी, ती श्टुटगार्टमध्ये नाही, मुळशी-पानशेत पट्ट्यात घरोघरी आहे. लाकूड जमिनीपासून किमान दीड फूट वर, प्लिंथवर वाळवी दिसेल अशी मोकळी पट्टी, आणि भिंतीला लागून कुंड्या नाहीत (हे आईंना सांगणं तुमच्यावर सोपवतो).

माझं मत विचाराल तर घर पाठवू नका, पद्धत पाठवा. तिथल्यासारखं ड्रॉइंग मिलिमीटरमध्ये करा, खिडक्यांच्या चौकटी चांगल्या रबर सीलच्या घ्या, बेडरूम तेवढ्या हवाबंद करा जिथे एसी चालणार आहे, आणि बाकी घर, ओटी, पडवी, जिना, हे उघडं ठेवा. वर्षातले सात-आठ महिने पानशेतची हवा अशी असते की ती बाहेर ठेवण्यासाठी पैसे खर्च करणं म्हणजे कमाल आहे. जाळ्या मात्र प्रत्येक खिडकीला, डासांपुढे पॅसिव्ह हाउसचं काही चालत नाही.

गुहागरजवळून: समुद्रापासून अर्धा किलोमीटरवर होमस्टेसाठी चार लक्झरी कॉटेज काढायचीत. एलजीएसएफ, म्हणजे पातळ पत्र्याच्या हलक्या स्टील फ्रेमचं बांधकाम करायचं ठरतंय, वजनाला हलकं आणि भूकंपाला चांगलं म्हणतात. गंज धरेल का? आणि वादळात?

भूकंपाचं खरं आहे. धक्क्याचा जोर इमारतीच्या वजनाच्या प्रमाणात बसतो, किल्लारीला १९९३ मध्ये माणसं गेली ती बरीचशी जाड दगड-मातीच्या भिंती आणि जड माळवद अंगावर येऊन. तुम्ही कोयनेपासून फार लांब नाही, १९६७ चा भूकंप तिकडे अजून कोणी विसरलेलं नाही, त्यामुळे हलकं घर हा मुद्दा पक्का.

पण हलकं घर वाऱ्यालाही हलकंच असतं! ३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला किनाऱ्यावर आलं तेव्हा वारा ताशी शंभर किलोमीटरच्याही वर होता, दापोली-मंडणगडपर्यंत पत्रे आणि कौलं उडाली, नारळी-पोफळीच्या बागा झोपल्या. वारा छप्पर दाबत नाही, वर उचलतो. म्हणून एलजीएसएफमध्ये भिंतींच्या टोकांना होल्ड-डाऊन, म्हणजे भिंत वर उचलली जाऊ नये म्हणून धरून ठेवणारे स्टीलचे ब्रॅकेट, बसवून ते थेट काँक्रीटच्या पायात खोल बोल्टने धरलेत का, हे स्वतः वाकून बघा. नुसते एक्सपान्शन फास्टनर मारून भिंत उभी केली असेल तर पैसे अडवून धरा. छपराचा बाहेर आलेला भाग कोकणात पावसासाठी हवाच, पण तो जितका बाहेर तितका वारा त्याच्याखाली हात घालतो, त्याला खालून स्वतंत्र खांब द्या, आणि पडवीचं छप्पर मुख्य छपरापासून वेगळं ठेवा म्हणजे उडालंच तर एकटं उडेल.

गंजाचं बघू. साध्या ठिकाणी झेड २७५, म्हणजे दोन्ही बाजू मिळून चौरस मीटरला २७५ ग्रॅम जस्ताचं कोटिंग, चालून जातं. समुद्राजवळ ॲल्युमिनियम-जस्ताचं, एझेड १५० वाल्या प्रकारातलं मागा, खारी हवा ते जास्त सोसतं. तरी नेमका गंज कुठे सुरू होतो ते सांगतो. साइटवर एखादा सेक्शन दोन सेंटिमीटर लांब निघतो, फॅब्रिकेटर ग्राइंडर उचलतो आणि खर्रकन कापतो. ठिणग्या उडतात, कापलेल्या कडेचं कोटिंग जळतं आणि ठिणग्या बाजूच्या चांगल्या पत्र्यावर पडून तिथे बारीक बारीक ठिपके चिकटतात. आठ दिवसांत तिथे तांबूस रेघ दिसते. मग वर सिमेंट बोर्ड लागतो आणि ती रेघ भिंतीत बंद होते, पुढे काय चाललंय ते कळायला मार्ग नाही. म्हणून करारात लिहा की साइटवर ग्राइंडर नाही, कात्री किंवा निबलर, आणि कापलेल्या प्रत्येक कडेला झिंक पेंट, बोर्ड लागण्याआधी तुमच्या समोर.

छपराचे स्क्रूही तसेच. प्रत्येक स्क्रूखाली रबराचा वॉशर असतो, तोच पाणी अडवतो. मशीन जास्त दाबून मारला की वॉशर बाहेर फुगतो आणि उन्हात तडकतो, तिरका मारला तर एका बाजूने बसतच नाही. एक तिरका स्क्रू, आणि फॉल्स सीलिंगवर दरवर्षी त्याच जागी बशीएवढा डाग. हजारभर स्क्रू असतात, सगळे बघणं शक्य नाही हे मान्य, पण एका कॉटेजवर शिडी लावून दोन-तीन ओळी जरी तुम्ही बघितल्यात तरी कारागीर पुढचे नीट मारतो. खिडकीखालचा पत्रा, फ्लॅशिंग, बाहेर उतार देऊन आणि खिडकीच्या आत वर वळवून घ्या, तुमच्याकडचा पाऊस सरळ पडत नाही, आडवा येतो आणि वाऱ्याच्या जोरावर खालून वरही चढतो. सिलिकॉनवर विसंबू नका, सिलिकॉन म्हणजे दोन पावसाळ्यांची उधारी.

भिंतीत रॉकवुल, म्हणजे दगडी तंतूंची लोकर, भरा, फोम नको. होमस्टे आहे, पाहुणे रात्री काय पेटवतील सांगता येत नाही, रॉकवुल जळत नाही, फोम जळतो आणि त्याचा धूर विषारी असतो. आणि स्टीलच्या उभ्या पट्ट्यांतून उष्णता सरळ आत येते, त्यामुळे पट्ट्यांच्या बाहेरून एक सलग इन्सुलेशनचा थर घ्या नाहीतर मधल्या रॉकवुलचा निम्मा फायदा वाया.

नागपूरहून: आमचं घर जुनं, आरसीसी. वरचा मजला मे महिन्यात भट्टी होते. गच्चीवर प्रीफॅबचा आणखी एक मजला चढवला तर खालचा थंड होईल आणि वर ऑफिसही होईल अशी कल्पना आहे.

खालचा होईल थंड, वरचं ऑफिस भट्टी होईल! जुन्या इमारतीवर वजन चढवायचं तर आधी स्ट्रक्चरल इंजिनियरकडून कॉलम तपासून घ्या, हलकं म्हणून कुठेही ठेवता येतं असं नाही. नुसता मजला थंड करायचा असेल तर गच्चीवर ५० मिमी एक्सपीएस (कडक फोमचा) बोर्ड, त्यावर कोबा, त्यावर पांढरा चायना मोझाइक, एवढ्याने चमत्कार वाटावा इतका फरक पडतो. केंद्राच्या ऊर्जा मंत्रालयाने २०१८ मध्ये आणलेल्या इको निवास संहितेत छपराची यू व्हॅल्यू फार तर १.२ असावी असं म्हटलंय, तुमचा उघडा स्लॅब त्याच्या तिपटीच्या घरात असेल, हा थर टाकला की बऱ्यापैकी खाली येईल. तोपर्यंत हिरवी जाळी बांधा, पण स्लॅबपासून चार-पाच फूट उंच, म्हणजे मधून वारा खेळेल. आणि वाळ्याच्या ताट्यांचा कूलर सोडू नका, विदर्भाच्या कोरड्या मे महिन्यात दोनशे वॅटचा कूलर दीड हजार वॅटच्या एसीची बरोबरी करतो, जून संपता संपता हवा दमट झाली की तो बंद पडल्यासारखाच. हाच कूलर मुंबई-कोकणातले लोक विकत घेतात तेव्हा वाईट वाटतं.

पुण्याहून दोन-तीन जणांचा मिळून एकच प्रश्न: सोलर लावणारच आहोत, वीज फुकट, मग इन्सुलेशन, भारी काचा यांवर खर्च कशाला? आणि प्रीफॅब घराला परवानगी लागत नाही हे खरं का?

दुसऱ्याचं उत्तर आधी, खोटं आहे. राहायचं घर म्हटलं की ते विटांचं असो, पॅनेलचं असो की कंटेनरचं, बांधकाम परवानगी लागते, शेतजमीन असेल तर बिगरशेती वापराचे किंवा फार्महाउसचे नियम लागतात. "नटबोल्ट काढून उचलून नेता येतं म्हणून टेम्पररी" हा युक्तिवाद नोटीस आल्यावर कोणी ऐकत नाही. बँकेशीही आधी बोला, कारण होम लोनचे हप्ते बांधकाम चढेल तसे सुटतात, आणि प्रीफॅबमध्ये मोठी रक्कम फॅक्टरीला आगाऊ द्यावी लागते जेव्हा तुमच्या प्लॉटवर दाखवायला फक्त प्लिंथ असतो. तेव्हा ॲडव्हान्स एकदम देऊ नका, ड्रॉइंग मंजूर, फॅक्टरीत माल तयार आणि तुम्ही जाऊन बघितलेला, साइटवर उतरला, उभा राहिला, असे टप्पे पाडा, आणि शेवटचे दहा टक्के एक पावसाळा गेल्यावर.

सोलरचं. पीएम सूर्य घर योजनेत ३ किलोवॅटला ७८ हजार सबसिडी मिळते, जरूर घ्या. एक किलोवॅट दिवसाला सरासरी चार युनिट देतो, म्हणजे तीनचे बारा. पण पावसाळ्यात हे बरंच खाली येतं, आणि रात्री बेडरूममध्ये तीन एसी चालतात तेव्हा छतावर काही तयार होत नसतं. दीड टनाचे तीन एसी आठ तास चालले तर इन्व्हर्टर एसी असूनही बारा युनिट सहज ओलांडतात, त्यात गीझर, इंडक्शन, पुढे इलेक्ट्रिक गाडी. म्हणजे काच आणि छप्पर न सुधारता सोलर वाढवत गेलात तर तीनचे आठ किलोवॅट लागतील, आणि सबसिडी तीनच्या पुढे वाढत नाही. आधी गळती कमी करा मग सोलरचा आकार ठरवा, ७५ वॅटचे जुने पंखे काढून ३० वॅटचे बीएलडीसी लावणं ही तर अगदी पहिली पायरी, आणि लक्झरी घरात सुद्धा ती लोक विसरतात कारण सगळं लक्ष झुंबराकडे.

एक फुकटचा फायदा मात्र आहे. सोलर पॅनेल छतापासून फूट-दीड फूट वर उचलून बसवले तर खालच्या छपराला सावली मिळते. पत्र्याच्या किंवा पफच्या छपरावर पॅनेलचे पाय बसवताना मात्र छपराच्या पत्र्यात नव्याने भोकं पाडू देऊ नका, उभ्या शिवणीच्या छपराला शिवणीवर चिमट्यासारखे बसणारे क्लॅम्प मिळतात, ते लावा. सोलरवाला "दोन मिनिटांत ड्रिल मारतो साहेब" म्हणेल, त्या दोन मिनिटांत छप्पर कंपनीची वॉरंटी संपते.